वेटिंगचा रकाना

माझी मुलगी शारजात बारावीला होती तेव्हा तिला बिझनेस स्टडीजचा प्रोजेक्ट करायचा होता. आणि विषय कुठला निवडावा कार्टीनं? ड्राय पोर्ट. म्हणजे समुद्र नसलेलं बंदर. जेवता जेवता मला विचारते, "बाबा, यू वर्क्ड इन वन, नो? व्हाय डिड इट फेल?" मी आपला मराठीत सांगत बसलो, की मोठ्या बंदरांनी दर उतरवले, हमरिया बंदरात पाण्याला लागूनच करमाफीचा फ्री झोन झाला, आम्ही पडलो आत वाळवंटात, स्पर्धेत टिकलो नाही. तिनं सगळं लिहून घेतलं. मार्कही चांगले पडले. त्यात अगदीच खोटं काही नव्हतं, पण जे खरं होतं ते मला पोटच्या पोरीला सांगता आलं नाही. तिचा त्या गोष्टीशी सगळ्यात जवळचा संबंध होता म्हणून तर नाहीच नाही.

आमचं यार्ड शारजा शहर मागे टाकून आत वाळवंटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. चारी बाजूंना तारेचं कुंपण, आत एकावर एक रचलेले कंटेनर, एक कस्टमचं ऑफिस, दोन क्रेन आणि वाळू. बोटीतून उतरलेला कंटेनर बंदरात न उघडता, सीलबंद, ट्रेलरवर घालून आमच्याकडे आणायचा. तपासणी, कागदपत्रं सगळं आमच्याकडे, आणि मग माल आसपासच्या कारखान्यांत आणि गोदामांत पोचवायचा. बंदरातली गर्दी टळते, जागा स्वस्त पडते, हा आमचा फायदा. तोटा एकच, पण तो जबरदस्त. आमच्याकडे माल एकदा जास्तीचा उचलावा लागतो, एकदा जास्तीचा ठेवावा लागतो. त्यामुळे बाकी कुठेही वेळ वाया गेला तर गिऱ्हाईक म्हणणार, मग बंदरातूनच थेट नेतो की, तुम्ही मध्ये कशाला? आमचं जगणं-मरणं त्या वेळेवर होतं.

मी तिथं गेलो तो डॉक्युमेंटेशन क्लार्क म्हणून. त्याआधी मुंबईत बॅलार्ड पिअरला एका क्लिअरिंग एजंटकडे नऊ वर्षं घासली होती. तिथल्या हेडक्लार्कनं माझ्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली होती, की जे कागदावर नाही ते घडलेलं नाही. तो माणूस स्वतःच्या मुलीच्या लग्नाची तारीखसुद्धा पत्रिका बघून सांगायचा. आम्ही हसायचो त्याला, पण झालो त्याच्यासारखेच. हातात फॉर्म दिला की आम्हाला जग दिसायचं. फॉर्म नसला की आंधळे.

बायको आणि आठ वर्षांची मुलगी डोंबिवलीला. क्लार्कच्या हुद्द्यावर आणि माझ्या पगारात त्यांना आणता येत नव्हतं. वर्षातून एकदा जायचं, पोरीची उंची दरवाज्याच्या चौकटीवर पेन्सिलनं मारलेल्या रेघेवरून बघायची आणि परत यायचं. शुक्रवारी फोन. ती विचारायची, "बाबा, आम्ही कधी येणार?" आणि मी म्हणायचो, "इन्शाल्ला." तिला तो शब्द म्हणजे एखादा महिना वाटायचा. चैत्र, वैशाख, तसा.

यार्डाच्या गेटपासून पन्नास पावलांवर एक पत्र्याची केबिन होती. तिच्यात चाचा बसायचा. चाचा म्हणजे आमचा ट्रेलरांचा फोरमन, पेशावरकडचा पठाण, साठीला टेकलेला, या नोकरीत एकोणीस वर्षं. यार्ड उभं राहिलं तेव्हापासूनचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्याकडे एक टेलिफोन, एक गॅसची शेगडी, एक काळंकुट्ट पातेलं आणि दोन बाकडी. बंदरातून आलेला प्रत्येक ट्रेलर आधी चाचाच्या केबिनपाशी थांबायचा. ड्रायव्हर खाली उतरायचा, चहा प्यायचा, बडबड करायचा. अर्धा तास, चाळीस मिनिटं. मग चाचा हात वर करून "यल्ला!", म्हणजे चला, म्हणायचा आणि ट्रेलर क्रेनकडे जायचा. पहिल्या महिन्यात मी मनात म्हटलं, काय फुकटेगिरी चालली आहे ही!

पण चाचाचा माझ्यावर जीव होता, हे खोटं कशाला बोलू? रमझानात दिवसभर स्वतः उपाशी, पण "बाबू, तू अंदर बैठ के खा ले," म्हणून मला केबिनचं दार लोटून द्यायचा. माझ्या मुलीचा फोटो बघून त्यानं पहिल्यांदा काय विचारावं? "ये इधर क्यों नहीं है?" मी हुद्द्याचं रडगाणं गायलं. तो म्हणाला, "हो जाएगा. मैं दुआ करूंगा." आणि खरोखर करायचा. नमाज संपवून आला की माझ्याकडे बघून मान हलवायचा, तुझंही काम सांगून आलोय, अशी.

मग आले नवे ऑपरेशन्स मॅनेजर. पुण्याचे. वयानं माझ्याहून लहान, पण एमबीए. पहिल्याच दिवशी माझं आडनाव वाचून म्हणाले, "अरे वा, म्हणजे इथे कुणीतरी आपलं आहे." मी तर विरघळलोच! चार वर्षं तिथं मी कुणाचा "आपला" नव्हतो. गणपतीला त्यांनी घरी बोलावलं, त्यांच्या पत्नीनं उकडीचे मोदक वाढले, डब्यात घालूनही दिले. मी तो डबा घासूनपुसून परत करताना आत बदाम भरून दिले. इतका लाळघोटेपणा मी उभ्या आयुष्यात केला नव्हता.

साहेबांचं आवडतं वाक्य होतं, "सप्लाय चेनचं इंटिग्रेशन झालं पाहिजे." बोट, बंदर, ट्रेलर, यार्ड, कारखाना, सगळं एका साखळीत, एका कॉम्प्युटरवर. हमरियावाल्यांना टक्कर द्यायची तर साखळीतलं वाया जाणारं प्रत्येक मिनिट शोधून कापायचं. एके दिवशी मला बोलावलं. "तुम्ही जुने डॉकवाले आहात, तुमची नोंद चोख असते. मला महिनाभर प्रत्येक ट्रेलरचा हिशेब पाहिजे. गेटवर कधी आला, क्रेनखाली कधी लागला, बाहेर कधी पडला. मधला वेळ वेगळा दाखवा." मग म्हणाले, "हे नीट झालं तर तुम्हाला सुपरवायझर करता येईल. मग वहिनींना आणता येईल ना तुम्हाला?"

मी फॉर्म तयार केला. पट्टीनं रेघा मारून, सुंदर. गेट, क्रेन, बाहेर. आणि मधल्या वेळेसाठी चौथा रकाना, वेटिंग. हा फॉर्म भरायला सोयीची जागा कुठली, तर चाचाची केबिन. तिथून गेटही दिसतं, क्रेनही. महिनाभर मी त्याच्या बाकड्यावर बसलो, त्याचा चहा प्यायलो आणि त्याच्याविरुद्ध घड्याळ लावून बसलो. तसं तेव्हा मनात नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आलोय. पण चहा पीत होतो हे तर खरं?

चाचानं एकदा विचारलंही, "बाबू, दिनभर क्या लिखता है?"

"टाइम लिखता हूं चाचा."

"लिख, लिख. ऑफिसवालों को मालूम तो पड़े, इधर क्या होता है."

आणि काय होत होतं तिथं? मला दिसत होतं हो! आंधळा नव्हतो मी. एक दिवस टिश्यू पेपरच्या कारखान्याचा माल घेऊन ट्रेलर आला. चाचानं ड्रायव्हरच्या हातात चहा दिला आणि कारखान्यात फोन लावला. तिथल्या पोऱ्याकडून कळलं, की त्यांची फोर्कलिफ्ट सकाळपासून बंद आहे, दुपारनंतर सुरू होईल. चाचानं तो ट्रेलर बाजूला घेतला आणि मागून आलेला टाइल्सवाल्याचा पुढे काढला. टाइल्सच्या कारखान्यात रिकामा होणारा कंटेनर निळ्या रंगाचा होता. चाचाला डब्यांवरची बोट कंपन्यांची नावं वाचता येत नव्हती, पण रंग पाठ होते. निळा डबा शेजारच्या भंगार निर्यात करणाऱ्याला चालतो, त्यांचं बुकिंग त्याच कंपनीच्या बोटीचं असतं, हे त्याच्या डोक्यात होतं. त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, "खाली करके इधर मत आना, सीधा भंगारवाले के पास जा, भर के पोर्ट निकल." म्हणजे एका खेपेत दोन कामं, ट्रेलर रिकामा परत जाणार नाही, आणि टिश्यूवाल्याच्या दारात कुणी चार तास उन्हात शिजणार नाही. साहेबांना कॉम्प्युटरवर जे इंटिग्रेशन पाहिजे होतं ते त्या काळ्या पातेल्याशेजारी रोज तीस-चाळीस वेळा होत होतं. टायरला हात लावून बघणं, सील बघणं, दोन ड्रायव्हरांतली मारामारी मिटवणं, तेही त्याच चाळीस मिनिटांत.

त्या दिवशी त्या ट्रेलरपुढे मी काय लिहिलं? वेटिंग, पंचावन्न मिनिटं. बस्स. फोनसाठी रकाना नव्हता, निळ्या डब्यासाठी रकाना नव्हता. रकाना मीच आखला होता, पाचवा आखायला कुणी माझा हात धरला नव्हता. पण नऊ वर्षं मुंबईत आणि चार वर्षं इथं, मी कधी कुणाच्या तोंडी बोलण्याला काम समजलोच नव्हतो. काम म्हणजे कागद.

महिना संपला. मीटिंग झाली. साहेब, कस्टमकडे जाणारा आमचा माणूस, हिशेबनीस आणि प्रथमच मी, कोऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टात. साहेबांनी माझे आकडे रंगीत पट्ट्यांत मांडले होते. हिरवी पट्टी कामाची, लाल पट्टी वेटिंगची. सगळ्यात लांब लाल पट्टी चाचाच्या केबिनची. साहेब तिच्यावर पेनाचं टोक टेकवून माझ्याकडे वळले. "तुम्ही महिनाभर तिथे बसलात. मला सांगा, ह्या चाळीस मिनिटांत नेमकं होतं काय?"

त्यांनी विचारलं होतं, हे लक्षात घ्या. माणूस हट्टी असेल, पण त्यानं विचारलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. टिश्यूवाल्याचा ट्रेलर माझ्या डोळ्यांसमोर होता. पण तो सांगायचा तर माझा फॉर्म चुकला असं कबूल करावं लागलं असतं. ज्या फॉर्मवर माझी बायको, मुलगी, सगळं टांगलेलं होतं. आणि मला एक गमतीचं उत्तर सुचलं.

मी म्हणालो, "चहा होतो, सर."

खोली हसली. साहेब तर खुर्चीत मागे रेलून हसले. माझ्या जिभेला काही हाड! तेरा वर्षांच्या नोकरीत माझ्या बोलण्यावर साहेबलोक पहिल्यांदा हसले होते आणि मला, काय सांगू, बरं वाटलं.

त्या आठवड्यात चाचा कॅन्सल झाला. तिथं माणसाला कामावरून काढलं असं म्हणत नाहीत, कॅन्सल झाला म्हणतात. व्हिसा कॅन्सल, म्हणजे माणूसच. त्या वयात दुसरा कुणी त्याला घेणार नव्हता, आणि महिन्याच्या आत देश सोडायचा. केबिन उचलून नेली. तिच्या जागी पिवळे पट्टे मारले आणि ट्रेलर गेटमधून थेट क्रेनखाली जायला लागले. चाचानं सगळ्यांची गळाभेट घेतली. मला म्हणाला, "मेरा तो हो गया, खलास. तेरी बच्ची का क्या हुआ?" मी म्हटलं, व्हिसाचे कागद गेलेत. "अल्लाह का शुक्र है," म्हणाला. त्याच्या गावातल्या दुकानाचा फोन नंबर त्यानं मला तोंडी सांगितला आणि मी लिहून घेतला. लिहायला मी तयारच असायचो.

मी सुपरवायझर झालो आणि दोन महिन्यांनी बायको आणि मुलगी आल्या. शारजात रोला भागात एक खोली-किचन घेतलं. बायकोनं विमानतळावर माझ्याकडे पाहिलं, त्या पाहण्यासाठी मी काहीही केलं असतं, आणि केलंच होतं. पुढे मराठी मंडळींत उठबस सुरू झाली. एकदा पाच-सहा कुटुंबं आमच्याकडे जेवायला होती आणि मी रंगात येऊन तो मीटिंगचा किस्सा सांगितला. "चहा होतो, सर!" सगळे पोट धरधरून हसले. बायको पुऱ्या वाढत होती. ती हसली नाही. पाहुणे गेल्यावर भांडी आवरताना म्हणाली, "अहो, मग ते म्हातारे आता काय करतात?"

"मला काय माहीत? गेले असतील गावी."

"त्यांनी तुम्हाला रमझानात जेवायला जागा दिली होती, तेच ना हे? पत्रात लिहिलं होतंत तुम्ही."

मी म्हटलं, "तू आणि पोरगी इथं कशामुळे आहात ते बघ आधी." तिनं नळ मोठा सोडला. त्यानंतर तो किस्सा मी तिच्यासमोर कधी सांगितला नाही. तिच्यामागे सांगितला, दोन-तीनदा. असा मी.

यार्डात पहिले तीन महिने दिवाळी होती. लाल पट्टी गेली. साहेबांनी अरबाबला, म्हणजे मालकाला, पट्ट्यांचा कागद दाखवला आणि मालक खूश झाले. मग उन्हाळा आला. ट्रेलर आमच्याकडून झपाझप सुटायचे आणि कारखान्यांच्या गेटबाहेर जाऊन सडायचे, कारण आधी फोन कुणी करत नव्हतं. डबे रिकामे करून ड्रायव्हर तसेच रिकामे बंदराला परत जायचे. निळा काय नि तपकिरी काय, कॉम्प्युटरला त्याचं सोयरसुतक नव्हतं. कारखानेवाले फोन करून शिव्या घालायचे. मी साहेबांना म्हटलं, "सर, बाहेर फार खोळंबतायत." ते म्हणाले, "आपल्या गेटबाहेरचा वेळ आपल्या फॉर्मवर येत नाही." बरोबरच होतं. फॉर्म माझाच होता.

टाइल्सवाला गेला, मग टिश्यूवाला. भंगारवाल्यानं तर आभार मानून कळवलं, की यापुढे आम्ही बंदरातूनच बघू. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी साहेब दुबईत मोठ्या नोकरीवर गेले. निरोपाच्या पार्टीत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपण दोघांनी इथे छान काम केलं." आपण दोघांनी!  तेव्हा कसा विनोद सुचला नाही?

मालक क्वचितच यार्डात यायचे. साहेब गेल्यावर एक दिवस आले, पिवळ्या पट्ट्यांवर उभे राहिले आणि मला विचारलं, इथं एक म्हातारा असायचा, तो कुठे आहे? मी सांगितलं, गेला. "कुणी घालवला?" मी म्हटलं, मागच्या मॅनेजरनी, कॉम्प्युटर आणला तेव्हा. त्यांनी पिवळ्या पट्ट्यावर चप्पल घासली. मग म्हणाले, "त्याला बोलाव. व्हिसा मी काढतो. पाहिजे ते सांग त्याला, पण आण."

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला आनंद झाला. मला वाटलं, सुटलो! चाचा येईल, केबिन येईल, यार्ड वाचेल आणि मी केलं ते पुसलं जाईल. ऑफिसातूनच फोन लावला. दुकानदारानं निरोप देऊन त्याला बोलावून आणायला वीस मिनिटं लागली, तोवर लाइन धरून बसलो. मग तो धापा टाकत बोलला, "कौन? बाबू? ओ बाबू!" आणि हसला. मी घाईघाईनं सगळं सांगितलं, मालकांनी बोलावलंय, नवा व्हिसा, जुनीच जागा, तुझ्याशिवाय सगळं बसलंय.

चाचानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नहीं बाबू. मैं नहीं आऊंगा."

"क्यों चाचा? तबियत?"

"तबियत ठीक है. पर उधर अपने में ही कोई आदमी है. जाने से पहले मैनेजर ने मेरे को बोला था, तेरी ही बेंच पे बैठने वाले ने बताया, कि तू खाली चाय पिलाता है. मैंने बहुत सोचा. इतने ड्रायव्हर बैठते थे, कौन होगा, समझ में नहीं आया. ऐसे आदमी के साथ मैं कैसे काम करूं?"

 एक वाक्य होतं सांगण्यासारखं. तेवढं बोललो असतो तर कदाचित तो चिडला असता, कदाचित शिव्या देऊन का होईना पण आला असता. निदान त्याचं ते शोधणं तरी थांबलं असतं.

"तू उधर अकेला है," चाचा म्हणाला, "बाल-बच्चे वाला है. तू संभल के रहना उस आदमी से."

मी म्हणालो, "जी चाचा."